घास अडकतोय ते ऑपरेशननंतर घरी: अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये काय आधी, काय नंतर

या आजारात घाई आणि दिरंगाई दोन्ही नेमक्या उलट्या जागी होतात. घास अडकायला लागला की तीन-तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसायचं, आणि बायोप्सीत, म्हणजे तुकड्याच्या तपासणीत, कॅन्सर आला की दुसऱ्याच दिवशी "लगेच ऑपरेशन करा, नाहीतर लगेच केमो लावा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचं. खरं तर पहिल्या वेळी धावायला हवं आणि दुसऱ्या वेळी थोडे दिवस दम धरायला हवा, कारण मधल्या तपासण्या अर्धवट राहिल्या तर भलताच उपचार सुरू होतो आणि तो मागे फिरवता येत नाही. मी डॉक्टर नाही, वडिलांची फाइल काखेत मारून फिरलेला माणूस आहे. त्या धावपळीत कुणी हा क्रम सांगितला असता तर आमच्या बऱ्याच चुका टळल्या असत्या. औषध कुठलं द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण काय विचारायचं आणि कुठे अडून बसायचं ते घरच्यांना कळलं पाहिजे.

## १. घास अडकतोय? आधी दुर्बीण

आधी घट्ट आणि कोरडं अडकतं, मग मऊ, मग पातळसुद्धा. अन्ननलिका ताणली जाणारी नळी आहे, त्यामुळे आतली बरीच जागा जाईपर्यंत काही कळतच नाही, आणि म्हणून "कधीतरीच अडकतं" हे कारण पुरेसं आहे, रोज अडकायची वाट बघू नका.

पेशंटला "अडकतं का?" असं विचारलं तर तो नाही म्हणेल, कारण माणूस नकळत सवय बदलतो, बारीक चावून खातो, प्रत्येक घासावर पाणी पितो, कोरडं ताटात तसंच ठेवतो. त्यापेक्षा "आता कुठलं खाणं बंद केलंयस?" आणि "जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का?" असं विचारा. आमच्या वडिलांनी पहिल्या प्रश्नाला ठाम नाही सांगितलं होतं आणि दुसऱ्यावर गप्प बसले.

याबरोबर कारण नसताना वजन उतरणं, आवाज घोगरा होऊन तसाच राहणं, पाणी पिताना ठसका, खाल्लेलं न पचता वर येणं, काळी शौच किंवा हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काहीही असेल तर सरळ एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून बघण्याची, वेळ घ्या.

सावधान: गोळीने जळजळ थांबली म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, गोळी फक्त ॲसिड कमी करते. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये अरुंद जागा दिसते पण तुकडा घेता येत नाही, म्हणजे शेवटी दुर्बीण करावीच लागते.

हल्ली दोऱ्याला बांधलेल्या स्पंजच्या कॅप्सूलबद्दल बरंच वाचायला मिळतं. कॅप्सूल गिळायची, पोटात काही मिनिटांत ती विरघळून स्पंज फुलतो, मग दोरा ओढून तो वर काढताना अन्ननलिकेच्या पेशी त्याला चिकटून येतात आणि त्या लॅबमध्ये तपासतात. पद्धत खरंच चांगली आहे, पण ती वर्षानुवर्षे जळजळ असणाऱ्यांमध्ये बॅरेट्स, म्हणजे खालच्या अस्तराचा कॅन्सरआधीचा बदल, शोधायला. ज्याला घास अडकतोय त्याच्यासाठी ती नाही, त्याला दुर्बीणच.

## २. एंडोस्कोपीची तयारी आणि रिपोर्टमध्ये काय हवं

तयारी साधी असते पण इथेच फेरी फुकट जाते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तारीख घेतानाच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्याने त्या दिल्यात त्यालाही विचारा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं त्या सकाळी काय करायचं तेही. साधारण ६ तास पोट रिकामं लागतं, पण नळी फार अरुंद झाली असेल तर खाल्लेलं वरतीच साचून राहतं आणि भूल दिल्यावर फुप्फुसात जाऊ शकतं. अशा पेशंटला आदल्या दिवशी फक्त पातळ ठेवायला सांगतात, म्हणून किती अडकतं ते आधीच फोनवर सांगून ठेवा.

डॉक्टरांना दोन गोष्टी नम्रपणे विचारता येतात. एक, एनबीआय, म्हणजे वेगळ्या रंगाच्या प्रकाशात बघण्याची सोय आहे का, आणि गरज पडली तर लुगोल आयोडीन फवारून बघणार का. निरोगी अस्तर आयोडीनने तपकिरी होतं आणि स्क्वॅमस प्रकारचा बिघडलेला भाग रंग न घेता फिकट राहतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा छोटा डागही उठून दिसतो. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. दोन, तुकडे किती घेणार. गाठ दिसतेय तर सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं सांगतात, एक-दोन तुकड्यांत नेमका मेलेला किंवा सुजलेला भाग आला तर रिपोर्टमध्ये काहीच कळत नाही आणि सगळं परत.

रिपोर्ट हातात आला की तपासा:
- गाठ पुढच्या दातांपासून किती सेंटिमीटरवर सुरू होते आणि किती वर संपते
- नळीचा किती घेर व्यापलाय
- दुर्बीण गाठीपलीकडे गेली की नाही
- अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात ती जागा गाठीत आली आहे का

सेंटिमीटरचा आकडा लोक बघतच नाहीत. दातांपासून साधारण १५ सेंटिमीटरवर अन्ननलिका सुरू होते, २५ च्या आसपास तिच्या पुढच्या बाजूला श्वासनलिका दुभंगते आणि ४० च्या जवळपास जठर लागतं. म्हणजे १८ वरची गाठ आणि ३८ वरची गाठ या दोघांचे उपचार पार वेगळे असू शकतात.

सावधान: पहिल्याच दुर्बिणीत "लगेच जाळीची नळी टाकून देऊ, खायला लागतील" असं कुणी म्हणालं तर थांबा. ऑपरेशन होऊ शकणाऱ्या पेशंटमध्ये ही नळी, म्हणजे स्टेंट, टाकल्याने पुढचं काम अवघड होतं, गाठीला भोक पडू शकतं, स्टेंट सरकतो. स्टेंटची जागा आहे, पण ती शेवटच्या टप्प्यांत.

आणखी एक: गाठ दिसली आणि तुकडा नॉर्मल आला तर आनंद करू नका, पुन्हा तुकडा घ्यायला सांगा.

## ३. बायोप्सीचा रिपोर्ट पूर्ण करून घ्या

"कॅन्सर आहे" हा अर्धा रिपोर्ट झाला. प्रकार कोणता ते लागतंच. स्क्वॅमस सेल साधारणपणे वरच्या आणि मधल्या भागात, तंबाखू आणि दारूशी जास्त संबंध. ॲडिनोकार्सिनोमा बहुतेक खालच्या टोकाला, वर्षानुवर्षांची जळजळ, बॅरेट्स आणि लठ्ठपणाशी जोडलेला. पुढची केमो, शेक (रेडिएशन), सगळं या एका शब्दावर फिरतं.

मग मार्कर, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या खुणा. पीडी-एल१ आणि एमएमआर किंवा एमएसआय या चाचण्या दोन्ही प्रकारांत उपयोगी, ॲडिनोकार्सिनोमात हर-टू, आणि जठराच्या तोंडाजवळच्या गाठीत आजार पसरलेला असेल तर क्लॉडिन १८.२ सुद्धा. हे सगळं त्याच तुकड्यांवर होतं, म्हणून तुकडे भरपूर हवेत आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कुठे ठेवलाय ते माहीत हवं. आमच्यावेळी रिपोर्टचा कागद जपला आणि ब्लॉक एका लॅबमध्येच विसरलो, मग तो आणायला आठवडा गेला.

अहवालात "हाय ग्रेड डिस्प्लेसिया" लिहिलं असेल तर तो अजून कॅन्सर नाही पण उंबरठ्यावर आहे, अशा वेळी स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवतात.

## ४. पोटाचं आजपासून बघा, उपचार सुरू झाल्यावर नाही

हा टप्पा लोक वगळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्टेजिंगला, म्हणजे आजार किती पसरलाय ते बघायला, दोन आठवडे लागतात, त्या दोन आठवड्यांत पेशंट पाण्यावर राहतो, आणि सगळे रिपोर्ट तयार होईपर्यंत पेशंटच केमो झेपण्याच्या अवस्थेत राहत नाही.

पहिल्या दिवशी वजन करा आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन आठवून शेजारी लिहा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर आहारतज्ज्ञ त्याच आठवड्यात हवा. तोंडाने जातंय तोवर पातळ पण दमदार द्या, नुसतं पाणीदार नको, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, प्रोटीन आणि कॅलरी मोजून. गोळ्या अडकत असतील तर त्याचं पातळ औषध मिळतं का विचारा, सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत.

तोंडाने भागत नसेल तर नळी. नाकातून जठरात किंवा आतड्यात बारीक नळी टाकता येते, किंवा छोट्या ऑपरेशनने पोटावरून थेट लहान आतड्यात. नळी म्हटलं की घरात रडारड होते, "आता संपलं" असं वाटतं, पण ही नळी उपचार झेपावेत म्हणून असते. बाबांनी चार दिवस नळीला नाही म्हटलं, पाचव्या दिवशी उठून बसता येईना तेव्हा हो म्हणाले.

सावधान: पोटावरून थेट जठरात बसवायची पेग नळी सर्जनला विचारल्याशिवाय बसवू नका. ऑपरेशनमध्ये अन्ननलिका काढल्यावर बहुतेक वेळा जठराचीच नवी नळी करून वर ओढतात, त्याच जठराला आधी भोक पाडलं तर सर्जनची पंचाईत होते.

आणि हे अजिबात विसरू नका: कित्येक दिवस जवळपास काहीच पोटात गेलं नसेल तर नळी बसल्या बसल्या एकदम भरपूर खाणं सोडू नका. शरीरातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि हृदयावर येऊ शकतं. आधी रक्त तपासून, थायमिन देऊन, हळूहळू वाढवतात.

तंबाखू आणि दारू आज बंद. "ऑपरेशनच्या आधी सोडतो" हे चालत नाही, फुप्फुस सावरायला निदान चार आठवडे तरी लागतात.

## ५. स्टेजिंग: इथे दम धरा

क्रम साधारण असा असतो आणि त्याला कारण आहे.

आधी छाती-पोटाचा सीटी, डाय घालून, गाठ वर असेल तर मानेचाही. त्याच्यासाठी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून ठेवा. सीटीतच यकृतात, फुप्फुसात स्पष्ट पसरलेलं दिसलं तर पुढच्या निम्म्या तपासण्यांची गरज उरत नाही.

मग पेट-सीटी. चार ते सहा तास उपाशी, आदल्या दिवशी दमणूक नको, शुगर आटोक्यात हवी नाहीतर परत पाठवतात. सीटीत न दिसलेला लांबचा आजार यात सापडतो.

लांब काही नसेल तर एंडोसोनोग्राफी, म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण. गाठ भिंतीच्या कुठल्या थरापर्यंत गेलीय आणि शेजारच्या लिम्फ नोडमध्ये (लसिकेच्या छोट्या ग्रंथींत) आहे का ते हिच्यात कळतं, नोडमधून सुईने नमुनाही घेता येतो. जागाच इतकी अरुंद असेल की दुर्बीण जात नाही तर जबरदस्तीने फुगवून आत घालण्यात फार अर्थ नसतो, अशा गाठी बहुतेक वेळा भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचलेल्याच असतात.

गाठ श्वासनलिकेच्या दुभाजकाच्या पातळीवर किंवा वर असेल तर ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण) हवीच. गाठ जठराच्या तोंडाशी असेल तर पोटाला छोटं छिद्र करून दुर्बीण घालतात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर बारीक दाणे आहेत का ते बघतात, कारण असे दाणे स्कॅनमध्ये चुकतात.

रिपोर्टमधला टी म्हणजे खोली: टी१ए वरचं अस्तर, टी१बी त्याच्या खालचा थर, टी२ स्नायू, टी३ बाहेरचं आवरण, टी४ शेजारचे अवयव. एन म्हणजे नोड, एम म्हणजे लांब पसरलं की नाही.

सावधान: पेटमध्ये लांब कुठेतरी एकच ठिपका चमकला म्हणून चौथी स्टेज म्हणून मोकळे होऊ नका. सूज किंवा जुना संसर्गही चमकतो. त्या एका ठिपक्यावर सगळा उपचार बदलणार असेल तर तिथून सुईने नमुना घ्यायला लावा. इथे आठ दिवस गेले तर जाऊ द्या.

## ६. ट्युमर बोर्ड आणि प्लॅन

सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, एंडोस्कोपी करणारे, पॅथॉलॉजिस्ट, सगळे एकत्र बसून केस बघतात तो ट्युमर बोर्ड. एकट्या सर्जनकडे गेलात तर ऑपरेशनपासून बोलणं सुरू होतं, एकट्या केमोवाल्याकडे गेलात तर केमोपासून, यात कुणाचं वाईट नाही पण क्रम चुकतो. "बोर्डात केस ठेवली का आणि काय लिहिलं" हे विचारा, तो कागद फाइलला लावा.

ढोबळ वाटा अशा.

फक्त वरच्या अस्तरात (टी१ए): दुर्बिणीतूनच गाठ सोलून काढतात, ईएमआर किंवा ईएसडी. पोट-छाती उघडायची गरज नाही. पण काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय झालं म्हणू नका, कडा स्वच्छ आहेत का, खाली किती खोल गेलंय, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकेत शिरलंय का, यावर पुढे ऑपरेशन किंवा शेक लागेल का ते ठरतं. घेराच्या पाऊण भागाहून जास्त अस्तर सोललं असेल तर नळी आवळण्याची शक्यता बरीच, त्याची तजवीज तेव्हाच करतात.

खोल गेलेली पण लांब न पसरलेली, ॲडिनोकार्सिनोमा: इथे गेल्या काही वर्षांत चित्र बदललं. आधी केमो आणि शेक एकत्र, मग ऑपरेशन, ही क्रॉस पद्धत (४१.४ ग्रे, म्हणजे शेकाचं माप, २३ बैठकांत आणि आठवड्याला एक अशा ५ केमो) खूप वापरली जायची. २०१२ मध्ये आलेल्या क्रॉसच्या अभ्यासात नुसत्या ऑपरेशनच्या २४ महिन्यांच्या तुलनेत मधलं आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ४९.४ महिने झालं होतं. मग एसोपेक अभ्यासात क्रॉस आणि फ्लॉट समोरासमोर ठेवले. फ्लॉट म्हणजे चार औषधांची केमो, ऑपरेशनच्या आधी ४ आणि नंतर ४ वेळा, दर दोन आठवड्यांनी. त्यात मधलं आयुष्य फ्लॉटला ६६ महिने आणि क्रॉसला ३७ निघालं. त्यामुळे तब्येत धडधाकट असेल तर आता ॲडिनोकार्सिनोमाला फ्लॉटकडे कल आहे. तुम्हाला जुना प्लॅन दिला तर भांडू नका, फक्त "फ्लॉट का नको?" विचारा. वय, हृदय, किडनी असं खरं कारण असू शकतं.

तेच, पण स्क्वॅमस: इथे क्रॉस अजून भक्कम आहे, क्रॉसमध्ये ज्यांना आधी केमो-शेक मिळाला त्यातल्या ४९ टक्के स्क्वॅमस पेशंटच्या ऑपरेशनमध्ये जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता (ॲडिनोत २३ टक्के). जपानच्या एका अभ्यासात शेक न देता आधी तीन औषधांची केमो देऊनही चांगले निकाल आले, तीन वर्षांनी ७२.१ टक्के हयात, दोन औषधांना ६२.६. एसोपेकचा निकाल स्क्वॅमसला लावायची चूक लोक सर्रास करतात, त्यात स्क्वॅमसचे पेशंटच नव्हते.

गळ्यातली गाठ: ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र जायची भीती, म्हणून बहुतेक वेळा केमो आणि शेक हाच पूर्ण उपचार. शेकाचा डोस साधारण ५० ग्रेच्या आसपास. "डोस वाढवला तर जास्त फायदा" हे अभ्यासात टिकलं नाही.

## ७. केमो-शेक चालू असताना

५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन द्यायच्या आधी डीपीवायडी ही जीनची चाचणी होते का विचारा. काही लोकांच्या शरीरात हे औषध फुटतच नाही आणि नेहमीचा डोस जिवावर बेततो. फ्लॉटमध्ये एक औषध २४ तास चालतं, म्हणून छातीतला पोर्ट (कातडीखाली बसवायची डबी) किंवा दंडातून लाइन लागते, ती पहिल्या केमोच्या आधी बसवून घ्या.

लगेच फोन करायच्या गोष्टी फ्रिजवर लिहून चिकटवा: ताप ३८ सेल्सिअस किंवा वर, मग मध्यरात्र का असेना, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना तापाला सकाळपर्यंत थांबायचं नसतं. ५-एफयू चालू असताना छातीत दुखणं. पाणीही न उतरणं. ऑक्सॅलिप्लॅटिन दिल्यावर थंड पाणी प्यायलं किंवा थंड वस्तूला हात लावला तर घसा आवळल्यासारखा होतो, हातात मुंग्या येतात, तेव्हा काही दिवस कोमट पाणीच.

शेक संपत आला की गिळणं आधीपेक्षा वाईट होतं, आग होते. इथे पुष्कळ लोक "शेकाने बिघडलं" म्हणून शेवटच्या बैठका सोडतात. सोडू नका, दुखण्याचं पातळ औषध आणि नळीने जेवण हा त्यावरचा मार्ग आहे. ही आग शेक संपल्यावर काही आठवड्यांत उतरते.

## ८. पुन्हा तपासणी, आणि "गाठ गेली, मग ऑपरेशन कशाला?"

केमो-शेकानंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ऑपरेशन धरतात, त्याआधी पुन्हा स्कॅन. शेक संपल्यावर लगेच पेट काढू नका, सूज चमकते आणि सगळे घाबरतात.

स्कॅन स्वच्छ आला की पहिला प्रश्न हाच येतो. सानो नावाच्या अभ्यासात केमो-शेकानंतर गाठ दिसेनाशी झालेल्या लोकांत लगेच ऑपरेशन आणि बारीक लक्ष ठेवणं यांची तुलना केली, दोन वर्षांनी लक्ष ठेवलेले ७४ टक्के आणि ऑपरेशनवाले ७१ टक्के हयात होते. म्हणजे वाट बघणं हा आता खरा पर्याय आहे, पण त्यातलं "बारीक लक्ष" म्हणजे गाठीच्या जागेवर एकावर एक असे खोल तुकडे, सुईने नोड, पेट, आणि हे सगळं ठरल्या तारखांना पुन्हा पुन्हा. नुसता "बरं वाटतंय" म्हणून ऑपरेशन टाळणं म्हणजे सानो नाही. आणि तिथे सगळ्यांना केमो-शेक झाला होता, नुसती फ्लॉट घेतलेल्यांना हे जसंच्या तसं लागू नाही.

## ९. ऑपरेशन

कुठे करायचं हा प्रश्न कसं करायचं याच्याइतकाच मोठा आहे. सर्जनला सरळ विचारा, वर्षाला अन्ननलिकेची किती ऑपरेशनं होतात, नंतर जोड (जठराची नवी नळी जिथे शिवतात ती जागा) गळला तर रात्री-अपरात्री एंडोस्कोपी आणि सीटीची सोय आहे का. या प्रश्नाचा राग येणाऱ्या सर्जनकडे मी तरी जाणार नाही.

छोट्या छिद्रांतून केलेल्या ऑपरेशनचा मुख्य फायदा फुप्फुसाला. २०१२ मध्ये आलेल्या टाइम अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या पद्धतीत २९ टक्क्यांना झाला आणि दुर्बिणीच्या पद्धतीत ९ टक्क्यांना. रोबोट असला पाहिजे असा हट्ट मात्र नको, हात कुणाचा आहे ते महत्त्वाचं.

तयारी: रोज चालणं, तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र (आत ओढायचं असतं, बाहेर फुंकायचं नाही, निम्मे लोक उलटं करतात), दात स्वच्छ, वजन टिकवलेलं.

ऑपरेशननंतर लक्ष ठेवा: ताप, नाडी वाढलेली, धाप, ड्रेनमधून विचित्र किंवा दुधासारखं पाणी. जोड गळणं बरेचदा पहिल्या दिवशी नाही, काही दिवसांनी कळतं, तोवर सगळे "आता ठीक आहे" म्हणून सैल झालेले असतात. आवाज बसला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी नको, स्वरयंत्राची नस दुखावलेली असेल तर पाणी छातीत जातं.

## १०. ऑपरेशनच्या तुकड्याचा रिपोर्ट

डिस्चार्जच्या गडबडीत हा रिपोर्ट राहून जातो. आधी केमो-शेक झाला असेल आणि तरी काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरला असेल तर निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध) वर्षभर देतात. २०२१ मध्ये आलेल्या चेकमेट ५७७ मध्ये आजार परत न येता गेलेला मधला काळ २२.४ महिने होता, औषध नसलेल्यांत ११. त्या अभ्यासात ऑपरेशननंतर ४ ते १६ आठवड्यांत औषध सुरू केलं होतं, म्हणून चार महिन्यांनी रिपोर्ट घेऊन जाण्यात अर्थ नाही. फ्लॉटवाल्यांनी मात्र उरलेल्या ४ केमोची आठवण ठेवायची.

इम्युनोथेरपीचे त्रास केमोसारखे नसतात. जुलाब, कोरडा खोकला आणि धाप, कावीळ, थायरॉइड बिघडणं, आणि हे औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे औषध झालंय ते आधी सांगा, नाहीतर साध्या जुलाबाचं औषध देऊन पाठवतात.

## ११. आजार आधीच पसरलेला असेल तर

इथे पहिल्या केमोबरोबरच इम्युनोथेरपी द्यायची का ते पीडी-एल१ च्या आकड्यावर ठरतं, म्हणून तिसऱ्या टप्प्यातले मार्कर. कीनोट-५९० मध्ये केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी दिल्यावर मधलं आयुष्य १२.४ महिने झालं, नुसत्या केमोला ९.८. फरक छोटा वाटतो, पण थोड्या लोकांत परिणाम वर्षानुवर्षे टिकतो आणि पीडी-एल१ जास्त असेल तर शक्यता वाढते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब, एमएसआय जास्त असेल तर इम्युनोथेरपीला जोर.

गिळण्यासाठी स्टेंटची जागा ही. दोन-चार दिवसांत फरक पडतो, पण छातीत दुखतं, सरकतो, वर-खाली गाठ वाढून बंद होतो. पेशंटकडे अजून बरेच महिने आहेत असं वाटत असेल तर आतून द्यायचा शेक, ब्रॅकीथेरपी, हळू काम करतो पण जास्त टिकतो. स्टेंट जठराच्या तोंडावरून गेला असेल तर आडवं झोपू नका, ॲसिड सरळ वर येतं. वेदनांच्या डॉक्टरांना शेवटच्या आठवड्यात बोलावू नका, आताच बोलवा.

## १२. घरी आल्यावर

जठर आता छातीत नळीसारखं आहे, त्यात पूर्वीइतकं मावत नाही. दिवसातून सहा वेळा थोडं, जेवताना पाणी कमी आणि मधल्या वेळात जास्त, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, झोपताना पलंगाचं डोकं उंच. नुसत्या उशा वाढवल्या की मान वाकते आणि पोट दाबलं जातं, पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ठोकळे घाला. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असं झालं तर ते डम्पिंग, गोड कमी करून प्रोटीन वाढवलं की बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

काही आठवड्यांनी घास पुन्हा अडकायला लागला तर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. बऱ्याचदा जोडाची जागा आवळलेली असते, फुग्याने रुंद करतात, कधीकधी पुन्हा पुन्हा. पण तपासल्याशिवाय तसं समजून बसू नका. पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी दाखवायचं, नंतर पाच वर्षांपर्यंत अंतर वाढवत, आणि मधूनमधून बी-१२ आणि लोह तपासायचं.

पोटावरची नळी असेल तर प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३० मिलीलीटर कोमट पाणी सोडायचं, कुटलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या नाहीत, तुंबली तर तारेने खुपसायचं नाही. आणि ती काढायची घाई करू नका, घरी आल्यावर सगळ्यात आधी पेशंट हीच मागणी करतो. नळीतून काही न देता तोंडाने खाऊन वजन काही आठवडे जागेवर राहिलं, की मग काढायला सांगा.